पहिला महिना म्हणजे कोणता?

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत भेंडवळचं भाकीत वरवट बकालात पोहोचतं. आदल्या संध्याकाळी भेंडवळ गावातल्या शेतात घट मांडलेला असतो. भोवती अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. जे ढेकूळ जास्त भिजलं, त्या महिन्यात पाऊस जास्त.

इथवर भाषा स्वच्छ आहे. घोळ होतो तो जून कोरडा गेल्यावर. मग ऐकू येतं, "पहिला महिना म्हणजे जूनच कशावरून? अधिक महिना आला की पुढं सरकवायचं." हे मला मुळीच मान्य नाही. 2023मध्ये 18 जुलैला अधिक श्रावण लागला. 22 जुलैच्या पावसानं आमच्या संग्रामपूर तालुक्यातली शेतं खरडून नेली आणि ऑगस्ट कोरडा गेला. महिना असा सरकवत गेलं, तर एकाच श्रावणात पूरही बसतो आणि उघाडही. असं भाकीत चुकणार तरी कधी?

बायबलच्या भविष्यवाण्यांचंही हेच केलं जातं. प्रभूचा एक दिवस हजार वर्षांसारखा, हे पेत्राच्या पत्रातलं वचन पुढं केलं जातं. ते धीर देण्यासाठी आहे; दिवसांची वर्षं करायचं ते कोष्टक नव्हे. अमेरिकेत विल्यम मिलरनं दानिएलाच्या पुस्तकातल्या 2300 दिवसांची वर्षं केली. अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. तो दिवस गेल्यावर काही जण म्हणाले, तारीख बरोबर होती, घटना स्वर्गात घडली.

याउलट बायबलमधल्याच यिर्मया संदेष्ट्याचं उदाहरण घ्या. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्यानं बाबेलच्या बंदिवासातून दोन वर्षांत सुटका सांगितली, यिर्मयानं सत्तर वर्षांनी. बाबेलातल्या बंदिवानांना त्यानं कळवलं की घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा. सत्तर हा ढोबळ आकडा असेल, तरी ऐकणाऱ्याला तो नेमका कळला: आपण नाही, आपली नातवंडं परततील. दोन वर्षं धरून बसलेला माणूस झाड कशाला लावेल? काळाचा शब्द ज्याच्या कानावर पडला, त्यानं त्यावर काय करायचं, यातच त्याचा अर्थ असतो.

आमच्याकडं त्या शब्दावर सरकीची पिशवी फुटते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. तरी पहिल्या महिन्यात पाऊस आहे म्हणून घाई करणारे असतात आणि दुबार पेरणीचं कर्ज त्यांच्याच डोक्यावर बसतं. म्हणून माझी मागणी एवढीच: भाकीत सांगितलं जातं त्याच पहाटे, पहिला महिना कोणत्या तारखेला लागतो आणि कोणत्या तारखेला संपतो, ते सर्वांसमोर वहीत लिहून घ्या.