ड्रमच्या पोटातली उशी

झाडीपट्टीत नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे सुटतं. एवढ्या वेळात नट झोपत नाहीत, प्रेक्षक झोपत नाहीत आणि चहावाल्याला तर झोपून परवडतच नाही. अख्ख्या मंडपात उशी घेऊन पडलेला जीव एकच : वादकांच्या कोपऱ्यातला बास ड्रम. माझं भांडण त्या उशीशी आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. झाडीपट्टी म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इकडचा जंगलाचा आणि धानाचा मुलूख. दिवाळी झाली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, हे कंपन्यांचं माहेर. (२०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे आपल्याकडच्या काही नाट्यरसिकांनी नकाशा उघडला.) आज या गावी प्रयोग, उद्या त्या गावी. गाडीत नेपथ्य, पेटारे, माणसं. उरलेल्या जागेत ड्रम. म्हणून तो लहानच घ्यावा लागतो. बावीस इंचीच्या जागी अठरा इंची. इथवर माझी काही तक्रार नाही. लहान असणं हा गुन्हा नव्हे.

पण या लहान ड्रमची उशी घालून जी मुस्कटदाबी होते, ती बघवत नाही. ऐकवत तर नाहीच. पेडल मारलं की 'धुम्' यावा, तिथे 'थप्' येतो. गादीवर काठी मारावी तसा. खलनायक दार लाथाडून आत शिरतो आणि मागे कोणीतरी सतरंजी झटकतं!

एका ड्रमवाल्या भाऊंना मी विचारलं, "ही उशी कशाला?" ते शांतपणे म्हणाले, "थंडीचे दिवस हायेत ना जी. त्याले बी लागते." या उत्तरावर वाद घालायचा तरी कसा?

उशीची वंशावळ मात्र मोठी आहे, हे मान्य केलं पाहिजे. १९६६ साली लंडनच्या स्टुडिओत जेफ एमेरिक या ध्वनिमुद्रकाने बीटल्सच्या रिंगो स्टारच्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबला होता. पण तो ड्रम मोठा, खोली बंद आणि माइक ड्रमच्या अगदी तोंडाशी. आपला ड्रम एवढासा, वर कनात आणि चारी बाजूंना धानाची बांधी. ज्याच्या पोटात आधीच हवा कमी, त्यात उशी घातल्यावर आवाजाने राहायचं कुठे?

खरं दुखणं वेगळंच आहे. तेच कातडं (कातडं म्हणायचं आपलं, १९५० नंतर त्याचं प्लॅस्टिक झालं) तेवढ्याच ताणाने आवळलं, तर अठरा इंची ड्रम बावीस इंचीच्या जवळजवळ सव्वापट वर बोलतो. त्याला खाली आणायचा तर ताण दोन-तृतीयांशावर उतरवावा लागतो. म्हणजे सैल करायला हवं. आमचे लोक करतात उलटं. आवाज किरटा आला की बोल्ट आणखी आवळतात, तो आणखी किंचाळतो, मग त्याच्या तोंडात उशी कोंबतात. रडणाऱ्या पोराला चिमटा काढून वर बोळा!

"ड्रमला कुठे सूर असतो?" असं एक शहाणं वाक्य यावर हमखास ऐकू येतं. तबल्यासारखा नसतो, कबूल. तबल्याच्या शाईमुळे त्याचे वरचे नाद सुरेल जुळतात हे १९२० सालीच सी. व्ही. रामन यांनी सांगून ठेवलंय, आणि ड्रमला शाई नसते. पण सूर नसला म्हणून खर्ज नसतो की काय? तबलजी हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसला, तर सारा मंडप दहा मिनिटं आदराने थांबतो. डफडं वाजवणारा शेकोटीशी बसून डफडं शेकवतो, त्यालाही कोणी घाई करत नाही. ड्रमवाल्याने चावी काढली की व्यवस्थापक घड्याळ काढतो!

कामही काही फार नसतं हो. उशी काढायची. सगळे बोल्ट सोडून आधी बोटांनी फिरवायचे, मग चावीने अर्धा-अर्धा आटा, समोरासमोरचे आळीपाळीने. मारायच्या बाजूच्या सुरकुत्या गेल्या की थांबायचं. प्रत्येक बोल्टजवळ बोटाने टकटक करून आवाज सारखा करायचा. पुढची बाजू थोडी जास्त ताणायची. फारच घुमला तर पातळ टॉवेलची घडी आत, कातड्याच्या खालच्या कडेला जेमतेम टेकेल अशी ठेवायची. टॉवेल म्हटलंय मी. गादी नव्हे, गोधडी नव्हे.

हे केलं नाही, तर पुढे काय होतं तेही पाहिलंय. ड्रम ऐकू येत नाही म्हणून साऊंडवाला बास वाढवतो. बास वाढला की स्पीकर गुरगुरतो आणि नायिकेचा हुंदका त्यात बुडतो. मग मालक म्हणतो, "काढा तो ड्रम, ऑक्टोपॅडवर बटण दाबा." ऑक्टोपॅडही माणूसच वाजवतो, त्याच्याशी माझं वैर नाही. पण ड्रम गेला की एका माणसाची रात्रीची बिदागी जाते, आणि उशीवर कोणी ठपका ठेवत नाही. ठपका ड्रमवर येतो : "लहान होता, आवाज नव्हता."

येत्या दिवाळीनंतर ज्या कंपनीचा ड्रम रिकाम्या पोटी वाजेल, तिचं पहिल्या रांगेचं तिकीट मी पैसे देऊन काढीन. काढलेल्या उशीचं काय करायचं असा प्रश्न पडला, तर ती माझ्याकडे पाठवावी. पहाटे पाचपर्यंत खाली बसायचं म्हणजे कंबर धरते.