शेजारच्या शाळेतली मुलं

यंदा महागाव परिसरातल्या शाळकरी मुलांना आम्ही ‘माझा सण, शेजाऱ्याचा सण’ यावर लिहायला सांगितलं होतं. स्वतःच्या सणावर पान भरलं, शेजाऱ्याच्या सणाला दीड ओळ. मराठी शाळेत तेच, उर्दू शाळेतही तेच. द्वेष कुठेच नव्हता, फक्त माहिती नव्हती. मिरवणुकीच्या दिवसांत, गावाला बंदोबस्त लागला की, ही रिकामी जागा मोबाइलवरची एखादी क्लिप भरून टाकते.

शिकवण कमी पडते असं म्हणवत नाही. दोन्ही शाळांत सकाळी एकच प्रतिज्ञा होते. मूळची ती तेलुगू, 1962 साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली. साने गुरुजींसारख्या मास्तरांनी तर इस्लामी संस्कृतीवर अख्खं पुस्तक लिहून ठेवलंय. घोडं अडतं ते बाकावर. मराठी माध्यम, उर्दू माध्यम, आश्रमशाळा आणि आता कॉन्व्हेंट! माध्यमाची वाटणी झाली की धर्माची न बोलता होते. उर्दूतून शिकणं हा त्या मुलांचा हक्कच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण मग पोरांनी भेटायचं कुठे?

बेलफास्टमध्ये बॉम्ब फुटत होते त्या काळात, 1981 साली, काही पालकांनी 28 मुलांवर लॅगन कॉलेज सुरू केलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका वर्गात. उत्तर आयर्लंडमध्ये आजही दहातलं एक मूलसुद्धा अशा शाळेत जात नाही. काम इतकं चिवट आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच सांगितलं होतं की नुसतं जवळ बसवून भागत नाही, बरोबरीच्या नात्याने एकच काम करावं लागतं.

आपल्याकडे कबड्डी आहे. पण सामना लागतो शाळा विरुद्ध शाळा, आणि टाळ्याही त्याच रेघेवर वाटल्या जातात. गुरुजनहो, एक दिवस संघ मिसळून पाडा. साखळी करायची तर शेजारच्याचा हात धरावाच लागतो.

मुलांच्या कागदांत पाचवीतल्या एका मुलीने खाली बारीक अक्षरात विचारलंय, “त्यांना पण आपलंच गणिताचं पुस्तक असते का?”

हो बेटा. बालभारतीचंच असतं. फक्त ते उजवीकडून उघडतं.