मचाण कोणाचं?

शिकारीच्या पुस्तकात मचाण नेहमी आधीच तयार असतं. साहेब येतो, चढतो, मांडीवर बंदूक घेऊन बसतो. मचाण काय झाडाला फळ लागावं तसं लागलं होतं? बंदुकीचं बोअर लिहिलेलं असतं, वाघाची लांबी इंचात मोजलेली असते. ज्यानं खाट वर ओढून फांदीला बांधली त्याचं नाव क्वचितच सापडतं. झुडपाझुडपातून आरोळ्या देत वाघाला बंदुकीकडं हाकलणारे हाकेवाले तर नुसत्या आकड्यात. ती माणसं कोणत्या वस्तीतली होती हे आम्हाला कोणी शिकवू नये. वेठ कोणाच्या दारात यायची, आम्हाला माहीत हाये.

मी खामगावला जिनात रुईच्या गाठी दाबतो. शाळा नववीपर्यंत. माझा बाप मचाण बांधतो. चार बल्ल्या घ्यायच्या, खालचं टोक हातभर जाळून काळं करायचं, म्हणजे वाळवी लवकर धरत नाही. दोन हात खड्डा, बाजूनं दगड ठोकून पक्का. वर आडवे बांबू, बांबूवर मोडकी खाट. खिळे कमी, दोर जास्त. वाऱ्यात खिळा लाकूड फाडतो, दोर सोसतो. वर पऱ्हाट्यांचं छप्पर. बाजू उघड्या.

बाजू उघड्या, दोस्तहो, इथंच सगळा फरक हाये. साहेबाचं मचाण पाल्यानं झाकलेलं, कारण त्याला लपायचं असतं. बापाला लपून भागत नाही. त्याला दिसावं लागतं, डबा बडवावा लागतो, रात्रभर बोंबलावं लागतं. रोही अन् रानडुकरं कवितेला भीत नाहीत, नाहीतर मीच गेलो असतो.

पूर्वी बाप दुसऱ्याच्या वावरात ज्वारीवर जागल करायचा. आता दोन एकर गायरान कसतो, आज्यानं मोडलेलं. ह्याच जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला अन् पुन्हा १९६४ ला माणसं तुरुंगात नेली. १९९१ साली सरकारनं निर्णय काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणं नियमित करा. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची. आमचा सातबारा अजून झाला नाही.

मागच्या साली डुकरांनी एका रात्रीत मका आडवा केला. शेजारच्या मोठ्या वावराला सौर कुंपण हाये, तिथं झटका बसला की कळप आमच्याकडं वळतो. बाप नुकसानभरपाई मागायला गेला. समोरच्यानं सातबारा मागितला. बाप म्हणाला, "साहेब, डुक्कर काय सातबारा पाहून येते?" सगळे हसले. अर्ज परत दिला. म्हणजे कागदावर मका नव्हताच, डुक्करही आलं नाही, अन् मचाणावर कोणी जागलंही नाही!

आता बुद्ध पौर्णिमेचं बोलतो. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असतं, चांदणं लख्ख असतं, म्हणून त्या रात्री ज्ञानगंगा अभयारण्यात पाणवठ्यावर मचाणावरून जनावरं मोजतात. शहरातली माणसं हौसेनं येऊन बसतात. बसोत. १९७२ च्या कायद्यानं बंदूक खाली उतरवली हे चांगलंच झालं. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये लहानगा सिद्धार्थ दोस्तांसंगं शिकारीला जात नाही, नेम बघायलासुद्धा जात नाही. आम्ही त्याचे. आम्हाला वाघाचा वैरी ठरवू नका. २०१९ ला टिपेश्वरहून एक वाघ चालत चालत ज्ञानगंगेत आला. गळ्यात पट्टा होता, हजार किलोमीटरच्या वर त्याचं चालणं मोजलं गेलं, पेपरात नकाशा आला. बापाला त्याचं कौतुक वाटलं. म्हणाला, "त्याले बी जागा पायजे, मले बी पायजे."

पण पर्यावरणवाल्या पांढरपेशांनो, मोजायचंच असेल तर अभयारण्याच्या कडेला जी मचाणं उभी हायेत तीसुद्धा मोजा. त्यावर बसलेल्यांची नावं लिहा. किती जणांच्या नावावर जमीन हाये ते लिहा. तो तक्ता छापून दाखवा, मग आम्ही तुमची वाघांची यादी वाचू.

पौर्णिमेला वस्तीत वंदना होईल, खीर होईल. बाप खीर खाऊन वावरात जाईल. माझी रात्रपाळी. ज्याला यायचं त्यानं या, मचाणावर एका माणसाची जागा हाये. दुर्बीण आणू नका. डबा बापाजवळ हाये, काठी तेवढी आणा.