खेळ कोणाचा, घाम कोणाचा?

व्हिडिओ गेममुळे मुले बिघडतात काय, हा वाद घरोघरी चालतो. २०२० साली केंद्र सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली, तेव्हाही चर्चा मुलांचीच अधिक झाली. तथापि हाच खेळ मोठ्यांच्या रोजीरोटीत शिरला आहे, याची दखल मात्र अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही.

२०१९ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या गोदामांविषयी वृत्त दिले. तेथे काही कामगारांसमोर पडदे बसविण्यात आले होते. कामगार माल जितक्या त्वरेने हाताळी, तितकी पडद्यावरची मोटार शर्यतीत पुढे सरके. सहभाग ऐच्छिक असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. त्याआधी २०१७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उबरची रीत उघड केली होती. काम थांबवू पाहणाऱ्या चालकाला कमाईचे पुढचे उद्दिष्ट दाखवून थोपविण्यात येई. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाठीवर पेटी घेऊन धावणारा तरुणही आज ठरावीक फेऱ्यांचा टप्पा गाठण्यासाठी आणि ग्राहकाच्या ताऱ्यांसाठी असाच झगडत असतो.

कष्टाला गोडी लावणे ही काही नवी कल्पना नव्हे. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाईनेही दळणाचा शीण हलका केलाच. पण ओवी तिची होती, लय तिची होती आणि दळण सरले की गाणेही थांबत असे. पडद्यावरच्या खेळाची लय मालक ठरवितो आणि दळण सरतच नाही. शिवाय कबड्डीच्या मैदानावरील रेषा दोन्ही संघांना सारखीच दिसते. येथे गुण कसे मोजले जातात हे खेळणाऱ्याला ठाऊक नसते आणि दर डावाच्या मध्येच बदलतात. दमलेला खेळाडू मैदान सोडू शकतो. घरभाडे थकलेल्या माणसाला ती मुभा कोठून असणार?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा ‘गिग’ कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती. २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने त्यांना कायद्यात स्थान दिले आणि त्यांच्या कल्याणनिधीत कंपन्यांचा वाटाही ठरविला. हे स्वागतार्हच होय. परंतु अपघातानंतर विमा मिळणे वेगळे आणि अपघाताकडे धाव घ्यायला लावणारा नियम आधी कळणे वेगळे. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात, यंत्राच्या स्वयंचलित निर्णयांची माहिती कामगाराला मिळावी, अशी तरतूद केली. हे तत्त्व देशभर लागू झाले पाहिजे.

डाव मांडणारा, गुण देणारा आणि नियम बदलणारा एकच असेल, तर त्याला खेळ म्हणणे ही शब्दांची फसवणूक आहे. ती मजुरी आहे आणि मजुरीचे नियम लेखी, उघड व आधीच ठरलेले असले पाहिजेत.