जिथे शिकली, तिथेच शिकवायला

बारावीचे निकाल लागले की गोंदियातील आपल्या घरांत मुलींच्या पुढील शिक्षणाची बोलणी सुरू होतात. सी. ए., फार्मसी, व्यवस्थापन ही नावे सहज घेतली जातात. शाळेत पाच-सहा वर्षे मन लावून जिमनॅस्टिक्स केलेली मुलगी जर म्हणाली की, ‘मला पुढे हेच शिकवायचे आहे’, तर मात्र बैठकीत क्षणभर शांतता पसरते. कोणी रागावत नाही; उत्तर सुचत नाही, इतकेच. मुलीने पदक आणले तर तिचा सत्कार कसा करावा, हे आपल्याला ठाऊक आहे. पण खेळ शिकविणे हा आयुष्यभराचा व्यवसाय म्हणून कसा चालतो, त्यात बरकत कशाने येते आणि खोट कुठे बसते, याचा अंदाज आपल्या व्यापारी घरांना सहसा नसतो. म्हणून या वेळी एका खेळाडूचा जमाखर्च वाचकांपुढे मांडावासा वाटतो. ती दूर अमेरिकेतील आहे. परंतु तिच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो कोणत्याही पेढीला ओळखीचा वाटावा असा आहे.

कोर्टनी कूपेट्स यांचा जन्म 1986 सालचा. सोळाव्या वर्षी, 2002 मध्ये, हंगेरीतील देब्रेत्सेन येथे त्या अनइव्हन बार या साधनावर जगज्जेत्या ठरल्या. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेच्या काळात त्यांच्या टाचेमागची कंडरा तुटली. जिमनॅस्टचे सारे उड्डाण या कंडरेवर तोललेले असते. ती तुटल्यावर पुष्कळांचा खेळ तेथेच संपतो. कूपेट्स वर्षभरात उभ्या राहिल्या आणि 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये त्यांनी संघासोबत रौप्य आणि अनइव्हन बारवर वैयक्तिक कांस्यपदक मिळविले.

त्यानंतर त्यांनी जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश घेतला. योगायोग असा, की ते विद्यापीठ ज्या गावात आहे त्याचेही नाव अथेन्सच. अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा आपल्याकडील स्नेहसंमेलनातील कार्यक्रमासारखा नसतो. हजारो प्रेक्षक तिकीट काढून येतात, प्रशिक्षकाला पूर्णवेळ वेतन असते आणि विद्यापीठाची पत त्या संघाशी जोडलेली असते. जॉर्जियाच्या मुलींच्या संघाची पत तर फारच मोठी होती. सुझान योक्युलन यांनी 1984 पासून 2009 पर्यंत त्याची धुरा वाहिली आणि त्या काळात संघाने दहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. त्यांतील शेवटची चार, 2006 ते 2009, कूपेट्स संघात असताना मिळाली. म्हणजे त्यांच्या चारही हंगामांत विजेतेपद जॉर्जियाकडेच राहिले. 2008 मध्ये दुसऱ्या पायाचीही कंडरा तुटली. तरीही पुढील हंगामात त्या परतल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा सर्वांगीण विजेतेपद पटकावले. व्हॉल्ट, बार, बीम आणि फ्लोअर या चारही साधनांवर त्यांनी कधी ना कधी राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. वैयक्तिक विजेतेपदांची एकूण संख्या नऊ.

इथपर्यंतची कथा आपण सत्कारसमारंभात आवडीने ऐकू. खरा विषय यापुढे आहे.

योक्युलन निवृत्त झाल्यावर संघाला उतरती कळा लागली. आठ वर्षांत दोन प्रशिक्षक झाले. अकरावे विजेतेपद काही आले नाही. अखेर 2017 मध्ये विद्यापीठाने कूपेट्स कार्टर यांना (विवाहानंतर त्या हे नाव लावू लागल्या) मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलाविले. तोवर त्यांनी कोणत्याही कॉलेज-संघाचे मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेले नव्हते. सोबतीला स्वतः योक्युलन विनावेतन साहाय्यक म्हणून परत आल्या. विद्यापीठाने केलेला विचार समजण्यासारखा आहे. जिने पेढीच्या वैभवाचे दिवस पाहिले, जिच्या हातून ते वैभव घडले, तिच्याच हाती किल्ल्या दिल्या तर जुने दिवस परत येतील, असे कोणाला वाटणार नाही?

पहिल्या दोन हंगामांत संघ राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत पोहोचला. 2020 चा हंगाम महामारीने अर्ध्यावर थांबविला. त्यानंतरच्या चार हंगामांत मात्र संघाला ती पायरी पुन्हा चढता आली नाही आणि एप्रिल 2024 मध्ये, सात हंगामांनंतर, विद्यापीठाने त्यांना पदावरून दूर केले. त्यांच्या जागी ज्या दोघांना नेमले, त्यांतील सेसिल लांडी या सिमोन बाइल्सच्या प्रशिक्षक म्हणून जगाला परिचित आहेत. ऑलिम्पिक खेळाडू घडविल्याचा मोठा अनुभव त्यांच्यापाशी होता. जॉर्जियाच्या माजी विद्यार्थिनी मात्र त्या नव्हेत.

यावरून कूपेट्स कार्टर कमी पडल्या, असा झटपट निवाडा कोणी करू नये. त्या सात वर्षांत इतर विद्यापीठांचे संघ बलाढ्य झाले होते. पण विद्यापीठाची अपेक्षा मुळातच थोडी चुकीच्या वहीत लिहिली गेली होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बॅलन्स बीम दहा सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून सव्वा मीटर उंच असतो. त्यावर उलटी कोलांटी घेणारी मुलगी स्वतःचे शरीर ओळखत असते. तिला शिकविणारीला मात्र वीस निरनिराळ्या मुलींची शरीरे ओळखावी लागतात. कोणाला कोणत्या दिवशी थांबवावे, कोणाच्या पाठीखाली हात धरावा आणि तो हात नेमका कधी काढून घ्यावा, हे कळावे लागते. निवड, दुखापती, पालकांशी बोलणी आणि अंदाजपत्रक ही कामे वेगळीच. आपल्याकडेही जो उत्तम गिऱ्हाईक पटवितो, तो उत्तम मुनीम घडवीलच असे नसते, हे जुन्या पेढ्यांना ठाऊक होते. म्हणून मालकाच्या मुलालाही आधी गोदामात, मग काट्यावर, मग रोजमेळ लिहायला बसवीत. गादीचा क्रम सर्वांत शेवटी येई.

हा क्रम पाळला गेल्याचे उदाहरण यूटा विद्यापीठात सापडते. मेगन मक्कनिफ या यूटाच्या विद्यार्थिनीने 1983 मध्ये राष्ट्रीय सर्वांगीण विजेतेपद मिळविले. 1984 मध्ये तेच विजेतेपद यादीत मेगन मार्स्डेन या नावाने दिसते. ही दुसरी कोणी नव्हे. मधल्या काळात संघाचे प्रशिक्षक ग्रेग मार्स्डेन यांच्याशी तिचा विवाह झाला होता. खेळणे संपल्यावर मेगन त्याच व्यायामशाळेत साहाय्यक म्हणून राहिल्या आणि सुमारे पंचवीस वर्षे दुसऱ्या रांगेत उभ्या राहून शिकवीत राहिल्या. संयुक्त मुख्य प्रशिक्षक हे पद त्यांना त्यानंतर मिळाले. पतीच्या निवृत्तीनंतरही त्यांनी काम सोडले नाही. 2019 मध्ये त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. कूपेट्स यांच्याइतका गाजावाजा मेगन यांच्या नावाचा कधी झाला नाही. पण आपल्या मुलीने कोणता मार्ग धरावा असे विचारले, तर यूटाचा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो.

शिष्याने त्याच आखाड्यात गुरू होणे ही आपल्या मातीतही नवी गोष्ट नाही. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभारले. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती आणि विदर्भातील शाळांना व्यायामशिक्षकांच्या कित्येक पिढ्या येथून मिळाल्या. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकलेले उदय देशपांडे तेथेच शिकवू लागले. मुली, दृष्टिहीन, अनाथ आणि ज्येष्ठ नागरिक अशा ज्यांचा कोणी विचारही केला नव्हता, त्यांनाही त्यांनी मल्लखांबाजवळ आणले. पन्नास देशांतील पाच हजारांहून अधिक जणांना त्यांनी स्वतः शिकविल्याची नोंद आहे. त्यांना पद्मश्री जाहीर झाली ती जानेवारी 2024 मध्ये, म्हणजे जॉर्जियातील त्या निर्णयाच्या जेमतेम तीन महिने आधी. एकाची मोजणी शिष्यांच्या संख्येने झाली, दुसरीची विजेतेपदांच्या.

आता आपल्या घरातील त्या बैठकीकडे वळू. मुलीला शाळेत व्यायामशिक्षिका व्हायचे असेल, तर पदवीनंतर दोन वर्षांचा बी. पी. एड. हा अभ्यासक्रम आहे. एकाच खेळाची प्रशिक्षक व्हायचे असेल, तर पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका मान्यताप्राप्त आहे आणि तीत जिमनॅस्टिक्सचाही समावेश आहे. गोंदियाहून पतियाळा दूर आहे खरे, परंतु सी. ए.च्या शिकवणीसाठी आपण मुलींना पुण्याला पाठवितोच. आरंभी वेतन बेताचे असेल. सायंकाळच्या सरावाची वेळ सूर्यास्तावर येते आणि चौविहार पाळणाऱ्या मुलीची त्यात ओढाताण होते, हीही खरी अडचण आहे. आपल्यातीलच एखादी शिक्षिका तेथे असेल, तर सराव अर्धा तास अलीकडे घेण्याचे तिला सांगावे लागणार नाही.

शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आपल्या समाजातील पुष्कळ मंडळी आहेत. त्यांच्याकडे एखादी माजी विद्यार्थिनी शिकविण्याची इच्छा घेऊन आली, तर तिने किती पदके आणली हे त्या अवश्य विचारतील. सोबत आणखी दोन गोष्टी विचारता येतील: तिने आजवर कोणाच्या हाताखाली शिकविले आहे, आणि पहिली पाच वर्षे संघ हरला तरी तिचे वेतन व साधनांचा खर्च समिती चालू ठेवणार आहे काय. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिने नव्हे, समितीने द्यायचे आहे.