मामा, जरा बघता का?

मराठी शिकवण्यासाठी आम्हां प्राध्यापकांकडे एम. ए.ची पदवी मागतात. समास चुकीचा सोडवला म्हणून आजवर कुणाचा जीव गेलेला नाही, तरी एवढी चौकशी! याउलट कॉलेजात विजेचा बोर्ड ठिणग्या टाकू लागला की शिपायाला हाक जाते: "मामा, जरा बघता का?" मामांची पात्रता एकच, ते हाताशी असतात. दिवाळीत माळांच्या उघड्या तारा सॉकेटात कोंबून वर काडी खोचणारेही तेच. आपण खालून "सांभाळून हं!" म्हणतो आणि काळजी घेतल्याचे समाधान मिळवतो.

"फ्यूज आहे ना!" असे पुष्कळांना वाटते. पण वाचकहो, फ्यूज असतो तो तारा जळू नयेत म्हणून, माणसासाठी नव्हे. ५ अँपिअरच्या फ्यूजला ५ अँपिअरपर्यंत काही वाटत नाही. छातीतून त्याचा शंभरावा भाग, म्हणजे ५० मिलिअँपिअर, गेला तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो. ६० वॉटचा साधा दिवा याच्या पाचपट प्रवाह घेतो. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर गळतीलाच वीज तोडणारे वेगळे उपकरण बसवावे लागते.

मग जाणकार कोण? १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी हे स्पष्ट केले होते. दिवा, पंखा, फ्यूज, बटण जुन्याच्या जागी तसेच बदलायला हरकत नव्हती. त्यापलीकडचे काम मात्र परवानाधारक कंत्राटदाराचे, तेही प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली. २०१० साली नवे नियम आले, तरी हे तत्त्व कायम राहिले.

आयटीआयमध्ये या कारागिरांना 'वीजतंत्री', 'तारतंत्री' अशी छान नावे आहेत. खरा तारतंत्री आधी मेन स्विच बंद करतो, मधेच कुणी तो चालू करणार नाही अशी तजवीज करतो, वीज खरोखर गेली का ते तपासतो आणि मगच हात लावतो. धीट माणूस यातले काहीच करीत नाही. म्हणून तर तो आपल्याला हुशार वाटतो!

"साहेब, हे मला येत नाही," असे सांगण्याचे बळ मामांना कुठून येणार? नोकरी त्यांची आहे. तेव्हा "यांना हे येते का?" हा प्रश्न हाक मारणाऱ्यानेच स्वतःला विचारायला हवा. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याला शिडीवर चढवू नये.