‘डायलॅपिडेटेड’ म्हणजे डोंगरावरचा राजवाडा नव्हे

इंग्रजीतला अवघड शब्द सुटा पाठ करू नये, वाक्यात शिकावा, हे आम्हाला मान्य आहे. डाव्या रकान्यात शब्द, उजव्या रकान्यात मराठी अर्थ आणि रोजचा वीस शब्दांचा रतीब, ही रीत परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरतीच कामाला येते. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो. कर्ज ‘सँक्शन’ झाले की ती मंजुरी असते आणि एखाद्या देशावर ‘सँक्शन’ लागले की ती बंदी असते. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख, आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजेच नजरचूक. (आपल्या महापालिकांसाठी याहून चपखल शब्द शोधून सापडणार नाही.) रकान्यात एकच अर्थ मावतो, वाक्यात दोन्ही कळतात. तेव्हा वाक्य हवेच. आमचे भांडण आहे ते हे वाक्य कोणाचे, यावरून.

भिवंडीत धामणकर नाक्यावर उभे राहून आजूबाजूचे फलक वाचा. फाडफाड इंग्रजी बोला, अमुक दिवसांत आत्मविश्वास मिळवा. या क्लासला येणारी मुले कोण? यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्याचा मुलगा, कांड्या भरणाऱ्या बाईची मुलगी, मानकोली-पूर्णेच्या गोदामात खोके स्कॅन करून थकलेला तरुण. बापाच्या घामाचा पैसा मोजून ही मुले ‘अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ची पुस्तिका घेतात. अशा पुस्तिका आम्ही बऱ्याच चाळल्या आहेत. त्यांतल्या वाक्यांत कोण राहते ते पाहा. ‘बेनेव्होलंट’ म्हटले की दयाळू जमीनदार येतो. ‘इम्पेकेबल’ म्हटले की कुणाचे तरी उच्च कुळ आणि जेवणाच्या टेबलावरची शिस्त येते. ‘रेप्रिमांड’ असेल तर मालकीण मोलकरणीला झापते, ‘इन्डोलंट’ असेल तर नोकर आळशी असतो. आणि ‘डायलॅपिडेटेड’ म्हणजे मोडकळीस आलेला, कुठल्यातरी डोंगरावरचा जुना राजवाडा.

या वाक्यांचा कर्ता नेहमी साहेब असतो आणि कर्माच्या जागी आपली आई असते. मोलकरणीची मुलगी ते वाक्य दहा वेळा घोकते, शब्द तिला येतो आणि त्याच्यासोबत आपली जागाही पाठ होते. मनुस्मृती जाळून जवळपास शंभर वर्षे होत आली. तिच्यातली उतरंड आता व्याकरणाच्या सरावात जाऊन बसली आहे, आणि आपण पैसे देऊन ती विकत घेतो आहोत.

सगळी पुस्तके वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड इझी’ १९४९ सालचे, फुटपाथवर आजही विकले जाणारे. त्यातली माणसे, त्यातले नाना तऱ्हेचे डॉक्टर हे अमेरिकन मध्यमवर्गाचे जग आहे. लुईसने ते त्याच्या लोकांसाठी लिहिले, त्याच्यावर आमचा राग नाही. राग आहे तो इथल्या नकलाकारांवर, ज्यांना ठाणे जिल्ह्यात बसून उदाहरण द्यायला राजवाडाच सुचतो.

कारण ‘डायलॅपिडेटेड’चे वाक्य याच नाक्याजवळ आहे. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग कोसळली. माणसे झोपेत होती. जवळपास चाळीस जीव गेले, त्यांत लहान लेकरे होती. मुंबई उच्च न्यायालयाने या दुर्घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये धोकादायक व बेकायदा इमारतींवर लांबलचक निकाल दिला. ‘स्वतःहून दखल’ यासाठी न्यायालय ‘सुओ मोटो’ म्हणते. हाही एक शब्द, आणि त्याचेही सगळ्यात जवळचे वाक्य इथलेच, भिवंडी-निजामपूर महापालिकेचे नाव असलेले.

आता पुस्तिकेतला राजवाडा काढून टाका आणि मुलांना हे शब्द इथून शिकवा. महानगरपालिका अधिनियमाचे २६४ वे कलम पडायला आलेल्या बांधकामांबद्दल आहे, तिथे ‘रुइन’ शब्द भेटतो. २६५-अ कलम तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या तपासणीबद्दल आहे, तिथे ‘स्ट्रक्चरल स्टेबिलिटी’ भेटते. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची, सी-२-अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची, सी-२-ब म्हणजे माणसे राहत असताना दुरुस्ती करता येण्याजोगी. ‘इव्हॅक्युएट’, ‘डिमॉलिश’, ‘रिपेअर’ या तीन क्रियापदांतला फरक इथे शिकलेला मुलगा जन्मात विसरणार नाही. कर्मणी प्रयोगही इथेच शिकवावा. ‘नोटिसेस वेअर इश्यूड’, ‘लाइव्ह्ज वेअर लॉस्ट’. नोटिसा बजावल्या गेल्या, जीव गमावले गेले. कोणी बजावल्या, कोणामुळे गेले? सरकारी इंग्रजीत कर्मणी प्रयोग कर्त्याला लपवण्याच्या कामी येतो. क्लासवाले तो ‘ट्रान्सफॉर्मेशन ऑफ सेंटेन्सेस’ म्हणून दहा मार्कांसाठी शिकवतात.

साध्या दिसणाऱ्या शब्दांनी तर आपली माणसे जास्त फसतात. या शहरात अर्धा गाव भाड्याने राहतो. कागद होतो तो ‘लीव्ह अँड लायसन्स’चा. शाळेत ‘लीव्ह’ म्हणजे रजा किंवा सोडून जाणे. या कागदावर ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. तुम्ही ‘टेनंट’ नाही, ‘लायसेन्सी’ आहात. मालकाने मुदतीपुरती वापरायची मुभा दिलेली आहे, भाडेकरूचा हक्क दिलेला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरल्या रकमेच्या दुप्पट भरपाई अंगावर येते. दोन शब्दांतला हा फरक एजंटाला पक्का ठाऊक असतो. सही करणाऱ्या बापाला नसतो, आणि त्याची बारावी झालेली मुलगी शेजारी उभी असते जिला ‘टेनंट’चा अर्थ ‘भाडेकरू’ आणि ‘लायसन्स’चा अर्थ ‘परवाना’ तोंडपाठ आहे!

गोदामात तेच. ‘प्रिन्सिपल एम्प्लॉयर’मधला ‘प्रिन्सिपल’ हा कॉलेजचा प्राचार्य नव्हे, तो मूळ मालक आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने हा शब्द इथे रुजवला, कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने चुकवावी म्हणून. हा एक शब्द ज्याला कळला तो पगार थकल्यावर कंत्राटदाराच्या मागे फिरत बसणार नाही. तो खोक्यावर कोणत्या कंपनीचे नाव छापले आहे ते आधी वाचेल.

आणि अॅट्रॉसिटीचा कायदा. इथे एकेक शब्दावर माणसाची अब्रू तोललेली आहे. पुस्तिकेत ‘विलफुल’ म्हणजे हट्टी, उदाहरण हट्टी मुलाचे. १९८९ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात ‘विलफुल’ म्हणजे जाणूनबुजून. अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकसेवकाने या कायद्याखालचे कर्तव्य जाणूनबुजून टाळले तर त्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद आहे. चुकून राहिले ते ‘नेग्लिजन्स’, ठरवून केले नाही ते ‘विलफुल नेग्लेक्ट’. तक्रार घ्यायला टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हे दोन शब्द वेगळे करून मांडता येणारा कार्यकर्ता आपल्याकडे किती गावांत आहे?

त्याच कायद्यात जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यासाठी ‘विदिन पब्लिक व्ह्यू’ अशी अट आहे. पोलीस ठाण्यात तिचे सरसकट ‘सार्वजनिक ठिकाणी’ होते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्वरण सिंग प्रकरणात फरक स्पष्ट केला होता. ठिकाण खाजगी असू शकते, पण तिथे घडलेले बाहेरच्या लोकांना दिसत-ऐकू येत असेल तर ते ‘पब्लिक व्ह्यू’ ठरते. घराच्या फाटकात दिलेली शिवी रस्त्यावरून ऐकू जाते. पुढे २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात हाच शब्द उलट बाजूने चालला: चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडले, म्हणून या कायद्याखालचा गुन्हा नाही. म्हणजे फिर्याद लिहिताना ‘कुठे घडले’ एवढेच लिहून चालत नाही, ‘कोणी पाहिले, कोणी ऐकले’ हे लिहावे लागते. ‘व्ह्यू’ हा तिसरीच्या मुलालाही येणारा शब्द, त्याच्यावर खटले पडले आहेत. ‘अॅडव्हान्स्ड’ शब्द म्हणजे लांबलचक शब्द, हा समज म्हणूनच सोडून द्यायला हवा.

आता आमच्याच लोकांशी दोन शब्द. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड काढले. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आपण ते डोक्यावर वाहून आणतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि पोराला शब्द शिकायला पाठवतो राजवाड्याच्या पुस्तिकेकडे. पहिला खंड उघडा. ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ‘एंडोसमॉसिस’ हा शब्द आहे. तो प्रयोगशाळेतला. पडद्यातून द्रव आत झिरपतो, त्या क्रियेचे नाव. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांनी तो समाजाला लावला होता. बाबासाहेबांनी तो जातीला लावला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, हा शब्द त्यांनी वापरला आहे. माणसामाणसांतले पडदे झिरपू देत नाहीत ही तक्रार त्यांनी ब्रिटिश साहेबापुढे त्याच्याच भाषेत, पण स्वतःच्या वाक्यात मांडली. आम्ही ‘उदाहरणासह शब्दार्थ’ म्हणतो तो याला.

‘अॅजिटेट’चे तर आपण मातेरे केले. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला संदेश ‘एज्युकेट, अॅजिटेट, ऑर्गनाइज’ असा. भिंतींवर आपण रंगवतो ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. क्रम बदलला, आणि ‘अॅजिटेट’चा झाला संघर्ष. ‘अॅजिटेट’ म्हणजे ढवळणे. या शहराच्या डाइंगमध्ये कोणालाही विचारा, टाकीत रंग खाली बसू नये म्हणून फिरत राहतो त्याला अॅजिटेटर म्हणतात. शिकलात की मन ढवळून निघाले पाहिजे, आणि ढवळून निघालेल्या माणसांनी संघटित व्हायचे. आधी संघटना आणि मग लढाई, या क्रमात ढवळण्याची पायरीच गळून पडली. आपल्यातले गट आणि गटांचे गट त्यातूनच निघाले असा आमचा दावा नाही, पण एक शब्द नीट न शिकल्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

इथे काही मंडळी मायमराठीचा झेंडा घेऊन येतील. गरिबांच्या मुलांना कशाला हवे अवघड इंग्रजी, मातृभाषेत विचार करू द्या! ही मंडळी स्वतःची नातवंडे कोणत्या शाळेत घालतात ते आम्ही विचारत नाही, सगळ्यांना दिसते. मराठी आमचीही आहे, आणि तिच्यासाठी आम्हाला कोणाकडून दाखला नको. ‘मूकनायक’ १९२० साली मराठीतच निघाला. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची मराठीत आहे, पण तिची एक प्रस्तावना इंग्रजीत आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढचे निवेदन त्यांनी इंग्रजीत दिले. सावित्रीमाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त मुलांना इंग्रजी शिकायला सांगितले. घरच्यांना जागे करायचे तर मराठी आणि सत्तेला जाब विचारायचा तर इंग्रजी, हा हिशेब आपल्या पूर्वजांनी पक्का केला होता. संविधानाच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे संसद वेगळे ठरवीत नाही तोवर उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. ज्यांना गरिबांनी इंग्रजी शिकू नये असे वाटते त्यांनी आधी ते कलम बदलून आणावे.

उत्तर प्रदेशात चंद्रभान प्रसाद यांनी इंग्रजीला देवी करून २०१० मध्ये तिचे मंदिर उभारायला घेतले. त्यामागची तळमळ आम्हाला कळते, पण देवी आम्हाला नको. देवी आली की पुजारी येतो, आणि तो कोण असेल हे आम्ही ओळखून आहोत.

तेव्हा आम्ही विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात पुस्तिका बंद करतो आहोत. प्रत्येकाने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा. भाडेकरार, पगाराची पावती, पीएफचा फॉर्म, दवाखान्याचे संमतीपत्र, विम्याचा नकार, काहीही. त्यातला न कळलेला एक शब्द निवडायचा आणि त्याची तीन वाक्ये करायची. पहिले कागदातले जसेच्या तसे. दुसरे त्याच शब्दाचे, पण कर्ता आपल्या घरातला माणूस. तिसरे प्रश्नार्थक, म्हणजे ज्याने कागद दिला त्याला विचारायचे वाक्य. व्याकरण चुकले तर फळ्यावर सुधारू, हसणार कोणी नाही. शिकवायला वकील, बँकेतले, कॉलेजातले आपले लोक हवेत. दर आठवड्याला एक तास द्या, भाषण नको. या रविवारी ‘लीव्ह’पासून सुरुवात आहे, ज्यांच्याकडे भाडेकरार आहे त्यांनी नाव-पत्ता आणि आधार क्रमांक खोडून त्याची झेरॉक्स आणावी.